मुलगी दिवसभर इंग्रजी गाणी ऐकते. त्यातून तिला इंग्रजी येईल का?

मालवणजवळच्या किनाऱ्यावर घरगुती निवास आणि खानावळ चालविणाऱ्या एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची तेरा वर्षांची मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीत शिकते. दोन वर्षांपासून तिला इंग्रजी पॉप गाण्यांचे वेड लागले असून वीसेक गाणी तिला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत पाठ आहेत. पण घरी उतरलेल्या परप्रांतीय पाहुण्यांनी इंग्रजीत साधे काही विचारले तर ती आत पळते, आणि शाळेतील इंग्रजीचे गुणही होते तेथेच आहेत. या गाण्यांचा खरोखर काही उपयोग आहे का, की मोबाइल काढून घेऊन तिच्या हाती व्याकरणाचे पुस्तक द्यावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी चौतीस वर्षे रत्नागिरी जिल्ह्यातील मराठी शाळांत इंग्रजी शिकविले आणि त्यातील बरीच वर्षे वर्गात गाण्यांचा वापर केला. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे आहे की, गाण्यांचा उपयोग आहे आणि तो मोठा आहे, पण तो आपोआप होत नाही. गाणे कान तयार करते आणि जीभ मोकळी करते. ही दोन कामे या वयात गाण्याइतकी चांगली करणारे दुसरे साधन मला आजवर सापडलेले नाही. स्वतःचे वाक्य स्वतः रचण्याचे काम मात्र गाणे करीत नाही. ते साधायचे असेल तर गाण्यातील वाक्य गाण्यातून उचलून आपल्या पडवीत आणि खळ्यात आणावे लागते. आपली कन्या पहिली पायरी चढली आहे आणि तिला दुसरी पायरी कोणी दाखविलेली नाही, एवढाच या प्रश्नाचा गाभा आहे.

मी स्वतः याच वाटेने आलो, म्हणून हे इतक्या खात्रीने लिहितो. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. आमच्या वेळी ते पाचवीत भेटे आणि ते फळ्यावरच राहत असे. मी तेरा वर्षांचा असताना परळला राहणारा चुलत भाऊ गणपतीला गावी आला, तेव्हा त्याने कार्पेंटर्स या अमेरिकन भावंडांच्या गाण्यांची एक कॅसेट आणि त्या गाण्यांचे शब्द हाताने उतरविलेली एक वही आणली होती. विसर्जनानंतर तो मुंबईला गेला आणि कॅसेट व वही माझ्याकडे राहिली. कॅरन कार्पेंटरचा आवाज खालच्या पट्टीतला, शांत आणि प्रत्येक अक्षर वेगळे ऐकू येईल असा आहे. त्या वर्षभरात मी पुस्तकातून जेवढे इंग्रजी शिकलो त्याहून अधिक त्या आवाजातून शिकलो. पण हे शिकणे खऱ्या अर्थाने सुरू झाले ते वही समोर ठेवून आणि पुन्हा मिटून ऐकण्याची सवय लागल्यावर. नुसते ऐकत होतो तोपर्यंत मला सूर येत होता, भाषा येत नव्हती.

ऐकण्यात नेमके काय घडते हे एका उदाहरणाने सांगतो. काही वर्षांपूर्वी आषाढातल्या एका दुपारी, वीज गेलेली असताना, माझ्या घराच्या ओटीवर सहा-सात मुलांना बसवून मी त्याच कॅसेटमधले ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ हे गाणे बॅटरीवरच्या टेपवर ऐकविले आणि शीर्षकाचे शब्द जसे ऐकू आले तसे लिहायला सांगितले. मासेमारी करणाऱ्या कुटुंबातील आठवीच्या एका मुलीने वहीत लिहिले होते, ‘टॉपर द वर्ल्ड’. याचा अर्थ काय, असे विचारल्यावर ती म्हणाली, “सर, ती जगात पहिली आली.” दहावीच्या निकालानंतर शाळेच्या फाटकावर लागणाऱ्या फलकावरचा ‘टॉपर’ हा शब्द तिच्या कानात पक्का बसलेला होता, आणि गाणे आनंदाचे आहे हे सुरावरून तिला कळले होते, जगात पहिली आल्यावर माणूस आनंदाने गाणारच. तिची चूक अर्थाच्या किती जवळ होती, हे पाहून मला आजही समाधान वाटते. ‘ऑन टॉप ऑफ द वर्ल्ड’ असणे म्हणजे आनंद गगनात न मावणे, हा वाक्प्रचार त्या दिवशी ती जो शिकली तो कधीच विसरली नाही.

पण तिला ‘टॉपर’ का ऐकू आले, हा प्रश्न अधिक मोलाचा होता. आपण शाळेत ‘ओ-एफ’ या शब्दाचा उच्चार ‘ऑफ’ असा ठसठशीत शिकवितो. प्रत्यक्ष बोलणाऱ्याच्या आणि गाणाऱ्याच्या तोंडी तो शब्द वाक्याच्या मध्ये आला की आखडून ‘अव्’ होतो, कधी नुसता ‘अ’ उरतो आणि आधीच्या शब्दाला चिकटतो, त्यामुळे ‘टॉप ऑफ द’ हे तीन शब्द ‘टॉपव्द’ असे एका श्वासात येतात. मुलीचा कान ‘ऑफ’ची वाट पाहत होता, तो आला नाही, म्हणून तिने आपल्या ओळखीचा शब्द तेथे बसविला. ‘टू’, ‘फॉर’, ‘अँड’, ‘कॅन’, ‘हॅव’ या लहान शब्दांचेही असेच होते. आपल्या मुलांना छापील इंग्रजी कळते आणि बोललेले कळत नाही, याचे सर्वांत मोठे कारण हे आखडलेले शब्द आहेत, आणि ते कानाने ओळखण्याचा सराव गाण्याइतका दुसरीकडे कोठे मिळत नाही, कारण आवडते गाणे मूल न कंटाळता दोनशे वेळा ऐकते.

चुकीचे ऐकणे ही काही परकीय भाषेचीच गोष्ट नाही, हे मी मुलांना नेहमी गणपतीच्या आरतीवरून पटवून देतो. ‘लंबोदर पीतांबर फणिवरबंधना’ या ओळीत ‘फळीवर वंदना’ म्हणणारे आणि ‘संकटी पावावे’ऐवजी ‘संकष्टी पावावे’ म्हणणारे आपल्या प्रत्येक वाडीत आहेत, आणि ते पन्नास वर्षे भक्तिभावाने तसेच म्हणत आले आहेत. पोटाभोवती नाग बांधलेला गणपती डोळ्यांसमोर नसेल तर कान ‘फळी’ शोधतो. इंग्रजीत अशा चुकीच्या ऐकण्याला ‘मॉन्डेग्रीन’ असे नावच आहे; सिल्व्हिया राइट या लेखिकेने १९५४ साली ते दिले, कारण लहानपणी एका जुन्या स्कॉटिश पोवाड्यातील ‘त्याला हिरवळीवर ठेवले’ या अर्थाचे शब्द तिने ‘लेडी मॉन्डेग्रीन’ असे ऐकले होते. इंग्रजी ही जिची मातृभाषा, तिचीही हीच गत होती. यावरून दोन गोष्टी कळतात. चुकीचे ऐकण्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. आणि शब्द समोर ठेवून तपासल्याशिवाय कितीही वेळा म्हटले तरी चूक आपोआप सुधारत नाही. आपल्या मुलीला पाठ असलेल्या वीस गाण्यांत अशा ‘फळ्या’ कितीतरी असणार, आणि त्या शोधणे हाच तिचा पहिला अभ्यास आहे.

त्यासाठी तिला एक शंभरपानी वही द्यावी आणि एका वेळी एकच गाणे घ्यावे, तेही पंधरा दिवस. पहिल्या दिवशी शब्द न पाहता गाणे तीन वेळा ऐकावे आणि एका कडव्यातले जे ऐकू येईल ते लिहावे, न कळलेल्या जागी रेघ सोडावी. मोबाइलवर गाण्याचा वेग पाऊणपट करता येतो. ती सोय तिसऱ्या वेळी वापरावी, पहिल्या वेळी नाही. दुसऱ्या दिवशी खरे शब्द मिळवून आपल्या लेखनाशी ताडून पाहावेत. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे: व्हिडिओखाली यंत्राने आपोआप उमटविलेले शब्द अनेकदा चुकीचे असतात, म्हणून कलाकाराच्या अधिकृत चित्रफितीतले शब्द घ्यावेत. मग जेथे चुकले तेथे तीन रकाने करावेत: मला काय ऐकू आले, खरे काय होते, आणि असे का झाले. तिसरा रकाना भरताना मुलांना त्रास होतो, पण सगळे शिकणे त्याच रकान्यात आहे. आमच्या ओटीवरच्या मुलीने तेथे लिहिले होते, ‘ऑफने तोंड मिटून घेतले’. कोणत्याही ध्वनिशास्त्राच्या पुस्तकाने याहून चांगले सांगितले असते असे मला वाटत नाही.

शब्द देवनागरीत लिहून घेण्याची आपल्या मुलांची सवय पहिल्या दिवशी उपयोगी पडते आणि पुढे नडते. इंग्रजीत ‘डब्ल्यू’ आणि ‘व्ही’ हे दोन वेगळे ध्वनी आहेत, एकात ओठांचा चंबू होतो आणि दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. आपण दोन्हींसाठी ‘व’ लिहितो आणि मग वाचतानाही एकच करतो. उलट काही ध्वनी आपल्याकडे असूनही आपण ते वापरत नाही. ‘झेड’च्या ध्वनीसाठी मुले ‘जीव’मधला ज उच्चारतात आणि ‘झू’चे ‘ज्यू’ होते. त्यांना मी मासे पकडण्याचे ‘जाळे’ म्हणायला लावतो आणि त्या ज पासून पुढे नेतो, कारण ‘जाळे’मधला आणि ‘जीव’मधला ज वेगळा आहे हे किनाऱ्यावरच्या मुलाला शिकवावे लागत नाही. मराठी येणे ही या कामात अडचण नाही. मराठीचा कान नीट वापरला तर ती मोठी मदत आहे.

यानंतर तालाकडे वळावे, आणि या मुद्द्यावर मी थोडा अधिक वेळ घेतो, कारण आपल्या मुलांचे इंग्रजी बाहेरच्यांना कळत नाही याचे कारण बहुधा एखादा ध्वनी नसतो, ताल असतो. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखा वेळ देतो. इंग्रजीत जोर असलेली अक्षरे ठरावीक अंतराने पडण्याकडे कल असतो आणि मधली अक्षरे त्या अंतरात दाटीवाटीने बसतात. भजनाला बसणाऱ्या मुलाला हे लगेच समजते: टाळ जेथे पडायचा तेथेच पडतो, मध्ये शब्द दोन असोत की पाच. मी मुलांना तीन वाक्ये तीनच टाळ्यांत म्हणायला सांगतो. ‘कॅट्स ईट फिश’, मग ‘द कॅट्स विल ईट द फिश’, मग ‘द कॅट्स विल हॅव ईटन द फिश’. टाळ्या मांजर, खाणे आणि मासा यांवरच पडल्या पाहिजेत. बाकीचे शब्द कसेही आखडून त्यांच्यामध्ये बसवायचे. तिसरे वाक्य तीन टाळ्यांत बसू लागले की मुलाच्या तोंडून पहिल्यांदा इंग्रजीसारखे इंग्रजी येते. मग गाण्याचे कडवे घ्यावे, सूर काढून टाकावा आणि नुसत्या टाळ्यांवर ते बोलावे. सूर न लावता बोलण्याची ही पायरी मुले टाळतात, कारण सुराशिवाय शब्द उघडे पडतात. पण ती वगळली तर मूल गाते आणि बोलत नाही, जसे आपल्या घरी घडत आहे. एक अपवाद सांगून ठेवतो: चालीच्या गरजेसाठी गायक कधीकधी भलत्याच अक्षरावर जोर देतात, म्हणून एखाद्या नव्या शब्दाचा जोर कोठे आहे ते शब्दकोशातील आवाज ऐकून पाहावे.

गाऊन शिकल्याने शब्द अधिक पक्के बसतात याला प्रयोगाचाही आधार आहे. एडिंबरो विद्यापीठातील संशोधकांनी साठ इंग्रजी भाषक प्रौढांना हंगेरियन भाषेतील छोटी वाक्ये पंधरा मिनिटे शिकविली. काहींनी ती बोलून, काहींनी तालात बोलून आणि काहींनी गाऊन शिकली, आणि ती वाक्ये आठवून हंगेरियनमध्ये म्हणण्याच्या चाचण्यांत गाणाऱ्यांचा गट पुढे राहिला. हे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. पाढे आणि आरत्या सुरात पाठ करणाऱ्या आपल्या समाजाला हे नवे वाटणार नाही. माझ्या दृष्टीने मात्र अधिक कामाचा अभ्यास टिम मर्फी या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांचा आहे. त्यांनी पन्नास इंग्रजी पॉप गाण्यांची भाषा तपासून १९९२ साली दाखवून दिले की, ही भाषा सोपी, बोलण्यासारखी आणि पुन्हापुन्हा तेच सांगणारी असते, तिच्यात ‘मी’ आणि ‘तू’ सतत येतात. पण तो मी कोण, ती तू कोण, हे कोठे आणि केव्हा घडते, याचा पत्ता बहुधा नसतो. म्हणूनच जगातले कोणतेही मूल त्या मी-तूच्या जागी स्वतःला घालू शकते.

आपल्या प्रश्नाचे उत्तर या निरीक्षणात आहे. पाहुणे जे विचारतात त्यात नेमके तेच असते जे गाण्यात नसते: नाव, ठिकाण, वेळ, अंतर, किंमत. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणारी होडी किती वाजता सुटते, आज मासळीत काय आहे, तारकर्लीचा किनारा येथून किती लांब आहे. वीस गाणी पाठ असलेल्या मुलीकडे यांपैकी एकाही प्रश्नाचे तयार उत्तर नसते, आणि म्हणून ती आत पळते. तिला इंग्रजी येत नाही असे नाही; तिच्याकडे वाक्यांचे साचे भरपूर आहेत, त्यांत ओतायला तिच्या गावचा ऐवज कोणी दिलेला नाही.

हा ऐवज ओतण्याची रीत सोपी आहे. गाण्यातून रोज एक वाक्य किंवा वाक्याचा तुकडा उचलावा आणि त्यातला एक भाग आपल्या घरातल्या वस्तूने बदलावा. ‘ऑन टॉप ऑफ द वर्ल्ड’ घेऊन ओटीवरच्या मुलांनी त्याच दुपारी कोंबडी लाकडांच्या ढिगावर बसविली, मांजर कौलांवर बसविले, आणि एकाने ‘द लाइटहाउस इज ऑन टॉप ऑफ द हिल’ असे वाक्य केले, जे दुसऱ्या दिवशी वाट विचारणाऱ्या पर्यटकाला जसेच्या तसे सांगता आले असते. यू-टू या आयरिश वाद्यवृंदाच्या १९८७ सालच्या एका प्रसिद्ध गाण्याचे शीर्षकच ‘आय स्टिल हॅवन्ट फाउंड व्हॉट आयॅम लुकिंग फॉर’ असे आहे. ‘अजून सापडले नाही’ हे सांगताना आपली मुले हमखास ‘आय डिड नॉट फाउंड’ म्हणतात. नियम दहा वेळा सांगूनही ही चूक जात नाही. हे शीर्षक तोंडात बसले की ‘आय स्टिल हॅवन्ट फाउंड द की’, ‘वी स्टिल हॅवन्ट फाउंड युअर टॉवेल’ ही वाक्ये नियम न आठवता येतात, आणि नियम नंतर समजून घेता येतो. बियॉन्से या गायिकेच्या २००८ सालच्या ‘इफ आय वेअर अ बॉय’ या शीर्षकात ‘वॉज’ नसून ‘वेअर’ का, हे विचारणाऱ्या मुलीला मी ‘मी मुलगा असते तर’ यातले ‘असते’ दाखवितो. जे खरे नाही ते बोलताना मराठीही क्रियापदाचे रूप बदलते. हे एकदा लक्षात आले की त्या मुलीला हा नियम परका राहत नाही.

गाण्यातील सगळेच व्याकरण मात्र उचलण्याजोगे नसते. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या १९६५ सालच्या एका गाण्याच्या शीर्षकातच ‘कान्ट गेट नो’ असा दुहेरी नकार आहे, बीटल्सच्या त्याच वर्षीच्या ‘टिकेट टू राइड’मध्ये ‘शी डझन्ट’च्या जागी ‘शी डोन्ट’ आहे, आणि ‘गॉना’, ‘वॉना’, ‘गॉटा’, ‘एन्ट’ हे तर पावलोपावली भेटतात. ही अज्ञानातून झालेली चूक नसून बोलीभाषेची रीत आहे. आपण घरी मालवणी बोलतो आणि निबंधात प्रमाण मराठी लिहितो, तसेच हे आहे, असे सांगितले की कोकणातल्या मुलाला भेद चटकन कळतो. वहीच्या मागच्या पानावर अशा शब्दांची जोडी लिहून ठेवावी, गाण्यात ‘गॉना’ आणि उत्तरपत्रिकेत ‘गोइंग टू’. माझ्या एका हुशार विद्यार्थ्याने सहामाही परीक्षेत पत्रलेखनात ‘वॉना’ लिहिले आणि तपासणाऱ्या शिक्षकांनी पूर्ण पत्रावर लाल रेघ मारली. तो मुलगा नंतर बरेच महिने गाणी ऐकेनासा झाला, याचे मला फार वाईट वाटले, कारण त्याला आधी हा भेद सांगण्याचे काम माझे होते.

गाण्यांच्या निवडीबाबत थोडक्यात सांगतो. मध्यम किंवा संथ लय, वाद्यांच्या वर स्पष्ट राहणारा आवाज आणि शक्य तर एखादी गोष्ट सांगणारे शब्द, असे गाणे घ्यावे. झपाट्याचे रॅप सुरुवातीला नको. आबा हा स्वीडिश चमू, ज्याने १९७४ साली ‘वॉटर्लू’ या इंग्रजी गाण्याने युरोव्हिजन स्पर्धा जिंकली, मला वर्गासाठी नेहमी उपयोगी वाटला, कारण त्यांचे उच्चार सुटे आणि रचना आटोपशीर आहे. आजच्या मुली ज्या बीटीएस या कोरियन मुलांच्या मागे आहेत, त्यांचे २०२० सालचे ‘डायनामाइट’ हे संपूर्ण इंग्रजीतले पहिले गाणे. ते मुलीला आवडत असेल तर तेथूनही सुरुवात करायला हरकत नाही. या दोन्ही चमूंची मातृभाषा इंग्रजी नाही, ही गोष्ट मुलीला आवर्जून सांगावी. इंग्रजी शिकून घेतलेल्या माणसांचे इंग्रजी गाणे सगळे जग म्हणते, हे तेरा वर्षांच्या मुलीला कळणे फार महत्त्वाचे आहे. गाण्यातील काही शब्द या वयाला शोभणारे नसतात, ही पालकांची काळजी रास्त आहे. ॲपवर अशा गाण्यांपुढे बहुधा ‘ई’ची खूण असते, आणि शंका असेल तेव्हा शब्द आधी स्वतः वाचावेत. मात्र निवड पूर्णपणे आपल्या हाती घेऊ नये. मुलाला न आवडणारे गाणे कितीही सोज्वळ असले तरी ते दुसऱ्यांदा ऐकले जात नाही.

शाळेतील गुणांबद्दल स्पष्ट बोलतो. गाण्यांमुळे गुण लगेच वाढत नाहीत, कारण परीक्षा मुख्यतः वाचन आणि लेखन तपासते. त्यासाठी रोज पंधरा मिनिटे तिच्या पातळीहून किंचित सोपे गोष्टीचे पुस्तक वाचणे याला पर्याय नाही. स्पेलिंगला मात्र गाणे थेट मदत करते, आणि ती यमकांमधून. ‘हाय’, ‘स्काय’, ‘आय’, ‘गुडबाय’ हे शब्द गाण्यांत एकमेकांशी सहज जुळतात, आणि लिहायला गेले की एकाच्या शेवटी ‘आय-जी-एच’, दुसऱ्याच्या ‘वाय’, तिसऱ्यात ‘ई-वाय-ई’ आणि चौथ्यात ‘वाय-ई’ निघते. प्रत्येक गाण्यातली यमके उतरवून एका आवाजाखाली त्यांची वेगवेगळी स्पेलिंगे मांडण्याची सवय लावली, तर वर्षभरात अशी एक यादी तयार होते जी कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात तिला मिळणार नाही.

आता पाहुण्यांसमोर न बोलण्याविषयी. या वयात मुलांना स्वतःचा आवाज स्वतःलाच परका वाटतो, आणि चारचौघांत चूक होण्याचे भय सर्वांत मोठे असते. मी सातवीत असताना एका शिक्षकांनी मला वर्गापुढे उभे करून कॅसेटवरून शिकलेले उच्चार करून दाखवायला सांगितले आणि सगळा वर्ग हसला. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे मी शाळेत इंग्रजी बोललो नाही, घरी गाणी म्हणत राहिलो. म्हणून माझी आपणांस कळकळीची विनंती आहे की, पाहुण्यांपुढे तिला हाक मारून ‘म्हणून दाखव’ असे कधीही सांगू नका. त्याऐवजी तिला एक लहान, ठरलेले काम द्या. सकाळी न्याहारीच्या वेळी सोलकढीचा पेला किंवा चहाचा कप नेऊन ठेवताना एकच वाक्य बोलायचे, जे आदल्या संध्याकाळी गाण्याच्या साच्यातून तयार करून टाळ्यांवर दहा वेळा म्हटलेले आहे. पहिला आठवडा तेच वाक्य असू द्या. उत्तरादाखल पाहुणा जे बोलेल ते कळले नाही तरी चालेल. ते जसे ऐकू आले तसे तिने आत येऊन वहीत लिहावे, गाण्याचे शब्द लिहिते तसेच. माणसाचे बोलणे हेही मग तिच्यासाठी शब्द शोधण्याचे एक गाणे होते, आणि ऐकण्याची भीती बोलण्याच्या आधी जाते.

मोबाइल काढून घेऊ नका. त्याऐवजी रात्री जेवणानंतर, निवासाचे काम आटोपल्यावर, तिच्याजवळ बसून एक गाणे तिच्याबरोबर ऐका आणि ‘ह्या गाण्यात काय म्हणतत, ता माका सांग गो’ असे विचारा. इंग्रजीतला अर्थ मालवणीत सांगताना ती जेथे अडखळेल, ती जागा वहीत लिहून ठेवायला सांगा. दुसऱ्या दिवशीचा अभ्यास तेथून सुरू करता येईल.